नवीन टीव्ही घ्यायचाय: ओलेड, क्यूएलईडी की मिनी एलईडी? (दिवसभर बातम्या चालणारं घर आहे)

चिंचवडचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, जाणकारांनी मदत करावी. आमचा ४० इंची टीव्ही, २०१४ साली घेतलेला, गेल्या आठवड्यात गेला. आवाज येतोय, रिमोट चालतोय, पडदा मात्र काळा. एवढी वर्षं चालला त्यामुळे तक्रार काही नाही, आता नवीनच घेऊ म्हणून शनिवारी दोन शोरूम फिरून आलो आणि डोकं पार भंजाळलं. एकजण म्हणतो क्यूएलईडी घ्या, दुसरा म्हणतो क्यूएलईडी जुनं झालं आता मिनी एलईडी, तिसऱ्याने ओलेडसमोर नेऊन उभं केलं. काळ्याभोर पडद्यावर मधाचा एक थेंब खाली ओघळत होता, असं चित्र मी आजवर पाहिलं नव्हतं, पण शेजारीच अजून एक टीव्ही होता तोही मला तेवढाच भारी वाटला आणि किंमत जवळजवळ निम्मी.

घरची परिस्थिती अशी. हॉल ११ बाय १४, पश्चिमेला गॅलरी, चारनंतर ऊन थेट आत येतं. सोफा ते टीव्हीची भिंत साडेआठ फूट. बाबा रिटायर्ड आहेत, सकाळी साडेसात ते एक आणि परत चार ते सात मराठी बातम्यांचा एकच चॅनल. मग साडेनऊपर्यंत आईच्या मालिका, ती गॅलरीच्या दाराजवळ झोपाळ्यावर बसते. दहानंतर मी आणि बायको सिनेमा नाहीतर वेबसिरीज, तेव्हा दिवे बंद असतात. क्रिकेट असलं की सगळेच. साइज ५५, बजेट ९० हजार, अगदीच गरज पडली तर लाख सव्वालाखापर्यंत ताणेन पण मग एकदाच काय ते चांगलं घ्यायचंय.

पडद्यामागे

ताणता येत असेल तर डोळे झाकून ओलेड. मी अंधेरीत पोस्टप्रॉडक्शनमध्ये काम करतो, दिवसभर चित्राचे रंगच बघतो, त्यामुळे कळकळीने सांगतोय. बाकी सगळे, म्हणजे साधा एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, हे मुळात एलसीडीच आहेत. मागे दिवे, पुढे लिक्विड क्रिस्टलचा थर, तो थर खिडकीच्या झडपांसारखा उघडझाप करून उजेड पुढे सोडतो किंवा अडवतो. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतोच, म्हणून रात्रीच्या सीनमध्ये काळ्याच्या जागी राखाडी दिसतं. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. ५५ इंची फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो, स्वतः विझतो. काळं म्हणजे विझलेलं.

तुम्ही रात्री दिवे बंद करून सिनेमे बघता ना, मग हा फरक तुम्हाला रोज दिसेल.

मी_अनघा

मला एक बेसिक शंका आहे. आम्ही पण 'एलईडी टीव्ही' म्हणूनच घेतला होता दुकानातून, पावतीवर पण तसंच आहे. मग तो एलसीडी कसा काय?

सोल्डरिंग_काका

ताई, पावतीवर काही लिहू दे, उघडल्यावर आत एलसीडीचंच पॅनल असतं. आधी त्याच्या मागं बारीक ट्यूबा असायच्या, घरातल्या ट्यूबलाइटच्या जातीच्या, पुढं त्या जागी एलईडीच्या पट्ट्या आल्या आणि कंपन्यांनी नाव बदललं. बदलला तो मागचा दिवा.

मी सांगलीत टीव्ही दुरुस्ती करतो, सत्तावीस वर्षं झाली. रोज टेबलावर दोन-तीन उघडे पडलेले असतात.

पाहुणे, तुमच्या जुन्या टीव्हीचं आधी बघा. रात्री खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करा, मोबाईलचा टॉर्च पडद्याला अगदी जवळ तिरपा धरा आणि नीट बघा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, फक्त मागची बॅकलाइट गेली. पट्टीवरचे एलईडी एकामागं एक माळेत जोडलेले असतात, त्यातला एक जरी उडाला तरी सगळी माळ विझते, आपल्या गणपतीतल्या जुन्या तोरणासारखं. पट्ट्या बदलल्या की झालं, नवीन टीव्हीच्या मानानं किरकोळ खर्चात होतं. भंगारात देऊ नका.

आणि पडद्यामागे साहेब, तुमचं चित्राबाबतचं शंभर टक्के बरोबर, पण त्यांच्या बाबांचं वेळापत्रक वाचलं का तुम्ही? साडेपाच अधिक तीन, साडेआठ तास एकच चॅनल. त्या चॅनलचा लोगो वरच्या कोपऱ्यात, खाली लाल पट्टी, तिच्या खाली पळती अक्षरं. ह्या घरात ओलेड द्यायला माझा हात धजावणार नाही.

चिंचवडचा_पाहुणा

काका टॉर्चचं आजच रात्री करून बघतो. लाल पट्टीने नक्की काय होतं?

तुळशीवृंदावन

हे मी सांगते कारण आमच्या घरी झालंय. २०२० मध्ये ओलेड घेतला, तेव्हा सगळे घरात, टीव्ही दिवसभर चालू, सासरे बातम्या लावून बसायचे. दीड-दोन वर्षांनी एकदा मुलाचं कार्टून चालू होतं, मागे सगळं पिवळं आकाश, आणि त्या पिवळ्यात खाली एक आडवा पट्टा दिसला, किंचित मळकट. आधी वाटलं पडदा पुसायचा राहिला. मायक्रोफायबरने पुसला, पट्टा तिथेच. मग डोळे बारीक करून बघितलं तर उजव्या कोपऱ्यात चॅनलच्या लोगोचं अक्षर पण वाचता येत होतं. चॅनल बदला, काहीही लावा, ते तिथेच. सर्व्हिसवाला आला, म्हणाला वॉरंटीत हे येत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्याने मला विचारलं, मॅडम तुम्ही रात्री टीव्ही कसा बंद करता? मी म्हटलं रिमोटने आणि मग भिंतीवरचं बटण. आपल्याकडे सगळेच करतात, माझ्या आईने लहानपणापासून लावलेली सवय, झोपायच्या आधी सगळी बटणं बंद. तो म्हणाला तिथेच घात झाला. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये असताना ओलेड पॅनल आपलंआपण पिक्सेल तपासतो आणि कमीजास्त झालेले सारखे करतो, साधारण दर चार तास वापरानंतर हे व्हायला पाहिजे, त्याला काही मिनिटं लागतात. आम्ही रोज रात्री करंटच तोडत होतो, म्हणजे ते काम दोन वर्षांत क्वचितच पूर्ण झालं असणार. हे आम्हाला टीव्ही बसवणाऱ्या माणसाने सांगायला हवं होतं, त्या गोष्टीचा मला आजही राग येतो.

सोल्डरिंग_काका

ताई फार महत्त्वाचं लिहिलंत. ओलेडवाल्यांनी कागदावर लिहून बोर्डावर चिकटवा: रिमोटनं बंद, भिंतीवरचं बटण चालू. फक्त वादळ-विजा असतील तेव्हा काढा.

पडद्यामागे

हे वाचून मी माझं 'डोळे झाकून' मागे घेतो, घाईत बोललो. पडद्यावर अशी खूण कायमची राहते त्याला पडदा 'जळणं' म्हणतात, त्याचं कारणही लिहून ठेवतो. ओलेडमधला प्रत्येक पिक्सेल सेंद्रिय पदार्थाचा आहे आणि जेवढा जास्त पेटेल तेवढा झिजतो. लोगोच्या जागचे पिक्सेल तासन् तास पूर्ण ताकदीने पेटले तर ते बाकीच्यांपेक्षा आधी म्हातारे होतात आणि त्यांचा मंद आकार कायमचा दिसत राहतो. म्हणून आपण 'छाप पडली' म्हणत असलो तरी प्रत्यक्षात ती असमान झीज आहे.

आरटिंग्स नावाची कॅनडातली चाचण्या करणारी मंडळी आहेत, त्यांनी २०१८ मध्ये एकाच मॉडेलचे सहा ओलेड टीव्ही रोज वीस तास चालवत ठेवले होते, प्रत्येकावर वेगळा कंटेंट. सीएनएन हा बातम्यांचा चॅनल लावलेल्यावर खुणा उमटल्या, त्यातही ज्याचा ब्राइटनेस पूर्ण होता त्याच्यावर आधी आणि जास्त. तेव्हापासून पॅनल सुधारलेत हे खरं, तरी रोज साडेआठ तास एकच चॅनल हा वापर त्या चाचणीच्या फार लांब नाही.

स्टुटगार्टकर

दुसरी बाजूही नोंदवतो. आमच्याकडे २०१८ चा ओलेड आहे, आजपर्यंत एक डाग नाही. पण आम्ही दोघंच, दिवसभर ऑफिस, रात्री दोन तास टीव्ही, तोही स्ट्रीमिंग. बातम्यांचा चॅनल लावतच नाही. तेव्हा ओलेड वाईट असं कृपया कोणी वाचू नका, माझ्या घरी मी परत तोच घेईन.

वाईचे_आजोबा

जुन्या माणसाची एक भर. हे जळणं नवीन नाही. जो पडदा स्वतः उजेड देतो तो झिजतो. पेटीवाल्या टीव्हीत आत काचेवर फॉस्फर असायचा, त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा झाला की तो चमकायचा. बँकेत नोकरीला होतो, आमच्या सुरुवातीच्या एटीएमच्या पडद्यावर 'कार्ड घाला' ही ओळ मशीन बंद असतानासुद्धा वाचता यायची, इतकी ती कोरली गेली होती. प्लाझ्माचंही तेच होतं. मुलाने ४२ इंची प्लाझ्मा घेतला होता, चित्र अतिशय सुंदर, अगदी ओलेडच्या आधीचा ओलेड म्हणा, पण उन्हाळ्यात मागे हात लावला तर चटका. २०१३ च्या शेवटी पॅनासॉनिकने प्लाझ्मा बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षभरात सॅमसंग आणि एलजीनेही. मला फार वाईट वाटलं होतं.

पाहुणे, वडिलांना विचारलंत का त्यांना कसा टीव्ही हवा? दिवसातले साडेआठ तास ते बघणार आहेत.

चिंचवडचा_पाहुणा

आजोबा, खरं सांगतो, नव्हतं विचारलं. आज विचारलं. बाबा म्हणाले मला खालची पळती अक्षरं चष्मा न बदलता वाचता आली पाहिजेत आणि दुपारी पडद्यात गॅलरीचा दरवाजा दिसता कामा नये. बास. हे दोन मुद्दे माझ्या यादीत नव्हतेच.

काका, टॉर्चने चित्र दिसलं!! बातम्या देणारी बाई पुसट पुसट हलत होती. बायको म्हणाली भूत दिसतंय पण मी खूष.

सोल्डरिंग_काका

बघा, म्हणजे टीव्ही वाचला.

आता बाबांच्या दुसऱ्या मुद्द्याकडं. गॅलरी पडद्यात दिसू नये म्हणजे दोन गोष्टी लागतात, पडदा चकचकीत नको आणि मागचा उजेड दणकट पाहिजे. ओलेडचं कसं असतं, काळ्या पडद्यावर छोटीशी वस्तू उजळ दाखवायची असेल तर तो जबरदस्त उजळ दाखवतो, पण पडदा पांढराशुभ्र भरला की तो स्वतःला आवरतो, नाहीतर जास्त करंट ओढेल आणि तापेल. बातम्यांचा पडदा म्हणजे नुसता पांढरा, लाल, निळा, सगळीकडं भडक. तिथं ओलेड मंदावतो. चांगला मिनी एलईडी तिथं उन्हालाही दाद देत नाही.

पडद्यामागे

बरोबर. आणि ओलेडमध्येही दोन जाती आहेत. एलजीच्या पॅनलमध्ये पांढरा उजेड आणि त्यावर रंगांचे फिल्टर. २०२२ पासून सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओलेड आलं, त्यात निळा ओलेड आणि त्याच्यावर क्वांटम डॉट. रंग अप्रतिम, पण त्यात बाहेरचा उजेड आवरणारा समोरचा पोलरायझरचा थर नसल्यामुळे खोलीत उजेड असला की काळा भाग किंचित जांभळट-राखाडी दिसतो. पश्चिमेची गॅलरी असलेल्या हॉलमध्ये ते सगळ्यात जास्त खुपेल. हा टीव्ही अंधाऱ्या खोलीचा आहे.

मी_अनघा

हे क्वांटम डॉट म्हणजे नक्की काय? क्यूएलईडी मधला क्यू तोच ना?

पडद्यामागे

हो तोच. अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण, काही नॅनोमीटरचे. त्यांच्यावर निळा उजेड टाकला की ते दुसऱ्या रंगाचा उजेड देतात आणि कुठला रंग हे कणाच्या आकारावर ठरतं, मोठा कण लाल, त्याहून लहान हिरवा. पदार्थ तोच, फक्त आकार बदलला की रंग बदलतो, मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ह्याच शोधाला मिळालं, बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह ह्या तिघांना.

टीव्हीत काय करतात, तर मागे निळे एलईडी, मध्ये ह्या कणांची फिल्म. त्यातून अगदी शुद्ध लाल आणि हिरवा मिळतो म्हणून क्यूएलईडीचे रंग साध्या एलईडीपेक्षा गडद. पण, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही, क्वांटम डॉटने रंग सुधारतात, काळा सुधारत नाही. काळा सुधारायचा तर मागचे दिवे वेगवेगळे मंद करता आले पाहिजेत. नुसतं 'क्यूएलईडी' लिहिलेल्या स्वस्त टीव्हीत बऱ्याचदा अशी सोय नसते.

सोल्डरिंग_काका

हेच उघडून बघितलेलं सांगतो. स्वस्तातल्या ५५ इंचीत मागं मोजक्या पट्ट्या, प्रत्येक एलईडीवर एक जाड भिंग, झालं. काही बारीक टीव्हीत तर दिवे फक्त कडेला असतात आणि मागं एक प्लॅस्टिकची पाटी उजेड पसरवते. दिसायला एकदम सडपातळ, पण कडेचे दिवे एका ओळीत तापतात आणि काही वर्षांत ती पाटी नाहीतर मागचा पांढरा कागद वाकतो, मग पडद्यावर ढगासारखे डाग. माझ्याकडं असले भरपूर येतात. पाहुणे, सडपातळपणाला भुलू नका.

मिनी एलईडीत मागं बारीक बारीक हजारो एलईडी आणि त्यांचे गट पाडलेले, त्याला झोन म्हणतात. जिथं काळं तिथला झोन मंद. शेकड्यात झोन असतील तर बरं चित्र.

पडद्यामागे

हिशोब करून बघा. ५०० झोन धरले तर ८३ लाख पिक्सेल भागिले ५००, म्हणजे एका झोनमागे साडेसोळा हजारांवर पिक्सेल. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल आली की अख्खा झोन पेटणार आणि अक्षरांभोवती धुकं दिसणार. ह्याला ब्लूमिंग म्हणतात. रात्री दिवे बंद करून बघाल तेव्हा तुम्हाला हे दिसणार आहे, आधीच माहीत असू द्या म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटणार नाही. उपाय सोपा, टीव्हीच्या मागे भिंतीवर एक मंद पिवळा दिवा लावा, निम्मं धुकं डोळ्याला जाणवतच नाही.

कुडाळकर

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून धा वेळा जाते येते, व्होल्टेज कधी १६० कधी २५०. आजकालच्या बऱ्याच टीव्हींवर मागे शंभर ते दोनशेचाळीस व्होल्ट लिहिलेलं असतं त्यामुळे कमी व्होल्टेजला ते घाबरत नाहीत, पण लाइट परत येताना जो झटका येतो त्याने पॉवर सप्लाय उडतो, माझा एकदा उडालाय. चांगला स्टॅबिलायझर नाहीतर निदान सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग बघून घ्या. पाहुण्यांना चिंचवडात एवढा त्रास नसेल पण बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

चिंचवडचा_पाहुणा

खूप खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे हॉलसाठी मिनी एलईडी हे जवळजवळ ठरलं. पण आईचं काय? ती झोपाळ्यावर बसते, तिथून टीव्ही चांगलाच तिरका दिसतो. शोरूममध्ये बाजूला सरकून बघितलं तर एका टीव्हीचे रंग एकदम धुवून निघाल्यासारखे फिके झाले.

पडद्यामागे

बरं झालं बघितलंत, हा प्रश्न लोक घरी आणल्यावर विचारतात. एलसीडी पॅनलच्या दोन मुख्य जाती, व्हीए आणि आयपीएस. व्हीएच्या झडपा घट्ट बसतात, काळ्या-पांढऱ्याचा फरक तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. आयपीएस बाजूनेही चांगला दिसतो, पण फरक हजारास एकच्या आसपास. म्हणजे पांढरा ३०० निट्सवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) ठेवला तर व्हीएचा काळा ०.१ निट्सचा आणि आयपीएसचा ०.३, तिप्पट उजळ. रात्री तो राखाडी दिसणार. बाजूने बघायला ओलेडच सगळ्यात उत्तम, पण तो तुमच्यासाठी बाद झालाय.

तुमच्या घरात आई आणि रात्रीचा सिनेमा ह्यात ओढाताण आहे. मी व्हीए घेऊन तो वळणाऱ्या स्टँडवर लावेन.

वाईचे_आजोबा

किंवा झोपाळा हलवा.

चिंचवडचा_पाहुणा

झोपाळ्याचे हूक स्लॅबमध्येच घातलेत आजोबा, तो हलणार नाही आणि आई तर त्याहून नाही.

सोल्डरिंग_काका

वळणारा भिंतीचा हात मिळतो, त्यावर लावा, मालिकेच्या वेळी आईकडं वळवायचा. फक्त टीव्हीचं वजन आणि मागच्या भोकांचं माप बघून घ्या. आणि भिंत वीट आहे का सिपोरेक्स, म्हणजे हलके सच्छिद्र ब्लॉक, ते बसवणाऱ्याला आधी सांगा, सिपोरेक्सला साधे प्लग धरत नाहीत, सगळं बाहेर येतं.

आता दुकानात कसं बघायचं ते सांगतो. शोरूममध्ये सगळे टीव्ही 'व्हिव्हिड' का 'स्टोअर' मोडवर असतात, भडक, निळसर. तुम्ही स्वतः रिमोट मागून घ्या आणि सिनेमा नाहीतर फिल्ममेकर मोडला लावा. कंपनीचा डेमो बंद करायला सांगा. मधाचे थेंब कुठल्याही टीव्हीवर छान दिसतात हो. पेनड्राइव्हवर एक साधं राखाडी चित्र न्या, कॉम्प्युटरवर पेंटमध्ये दोन मिनिटात होतं, पूर्ण पडदाभर तोच राखाडी. त्यावर उभ्या सावल्या, मळकट ढग दिसले तर तेच तुम्हाला क्रिकेटमध्ये दिसणार. कॅमेरा बॉलच्या मागं बाउंड्रीकडं पळतो तेव्हा हिरव्या मैदानावर त्या सावल्या सरकतात आणि एकदा दिसल्या की मॅच बघणं नकोसं होतं.

तुळशीवृंदावन

आणि साधा केबलचा नाहीतर डीटीएचचा चॅनल लावून बघा!! शोरूमवाले फोरके व्हिडिओ दाखवतात, घरी आपण बघतो एसडी चॅनल. त्याचं चित्र ७२० बाय ५७६, ते ५५ इंचावर ताणलं की चेहरे मेणासारखे दिसतात. टीव्ही-टीव्हीत इथेच जास्त फरक पडतो, कुणाचा प्रोसेसर हे चित्र किती नीट मोठं करतो त्यात. तुमच्या बाबांना अक्षरं वाचायचीत ना, मग हे आधी बघा. चॅनलचं एचडी असेल तर ते घ्या आणि सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये पण एचडी आउटपुट करा, आमच्याकडे दोन वर्षं बॉक्स ५७६ वरच ठेवलेला होता.

मी_अनघा

ताई हे आत्ता उठून बघितलं, आमचा पण ५७६ वर होता. बदलला. मी टीव्हीला नावं ठेवत होते इतके दिवस.

स्टुटगार्टकर

साडेआठ फुटांना ५५ योग्य आहे का? पडद्याने डोळ्यासमोरचा ३० अंशाचा कोन व्यापावा असा जो नियम सांगतात त्याने अंतर म्हणजे कर्णाच्या साधारण १.६ पट, ५५ ला सव्वासात-साडेसात फूट, ६५ ला पावणेनऊ. बाबांना अक्षरं वाचायची असतील तर ६५ चा विचार करा. पडद्याची रुंदी १४४ सेंटीमीटर होईल, भिंत मोजून घ्या.

चिंचवडचा_पाहुणा

भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून ५५ आणि ६५ दोन्ही आकार करून बघितले. ६५ ला देवघराचं दार पूर्ण उघडत नाही. ५५ च.

चिंचवडचा_पाहुणा

सांगायला जरा उशीर झाला, दोन आठवडे गडबडीत गेले. टीव्ही आला!

५५ इंची मिनी एलईडी, व्हीए पॅनल, वळणाऱ्या हातावर. ८४ हजारात पडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला त्याचाही फायदा मिळाला. दुकानात राखाडी चित्र लावलं तेव्हा सेल्समन बघतच राहिला, पण तीनपैकी एका टीव्हीवर डाव्या बाजूला तीन उभे काळपट पट्टे स्पष्ट दिसले आणि तो मी शनिवारी जवळजवळ फायनल केलेला होता. काका, तुमचे पाय धरले पाहिजेत.

पहिल्या दिवशी चार वाजता बाबा मुद्दाम पडदे उघडे ठेवून बसले. ऊन थेट फरशीवर. दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग खालची पळती ओळ मोठ्याने वाचायला लागले, एकामागून एक बातम्या, चष्मा कपाळावर. आई आतून म्हणाली अहो कळलं आम्हाला. सात वाजता मी टीव्ही तिच्याकडे वळवला तर म्हणते माझ्यासाठी कशाला एवढं, पण दुसऱ्या दिवशी सात वाजता स्वतः उठून वळवला.

रात्रीचं पडद्यामागे म्हणाले तसंच, काळ्या सीनमध्ये सबटायटलभोवती धुकं आहे. मागे पिवळा दिवा लावला, आता फार जाणवत नाही. ओलेडचा तो काळा मात्र आठवतो अजून, खोटं कशाला बोलू.

पडद्यामागे

अभिनंदन! मोशन स्मूदिंग बंद केलंत का? सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, त्यांच्या अधेमधे टीव्ही स्वतःच्या फ्रेम घुसवतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. क्रिकेटला थोडं ठेवा, सिनेमाला पूर्ण बंद. एवढं माझ्यासाठी करा.

चिंचवडचा_पाहुणा

केलं केलं, पहिल्याच रात्री. आणि जुन्या ४० इंचीच्या पट्ट्या बदलून घेतल्या, एकदम टकाटक चालू झाला. तो दिवाळीत गावी नेणार, आत्याकडे अजून पेटीवालाच आहे.

सोल्डरिंग_काका

वा, हे ऐकून बरं वाटलं. आत्याकडं लावताना सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वर असेल ती ६० वर आणा. रात्री घरात तेवढी पुष्कळ होते, आणि पट्ट्या कमी तापल्या की जास्त वर्षं टिकतात. आणि पडद्यावर काच पुसायचा स्प्रे थेट मारू नका म्हणावं, पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरतं आणि तिथल्या बारीक केबली जळून पडद्यावर उभ्या रेघा येतात. फडका ओला करून घट्ट पिळायचा आणि मग पुसायचं.